चेलो, सिंफनी आणि आमचा संगीताचा तास

मोठ्या शहरांतील कांहीं गोष्टी आपल्या नव्हेतच, असें खेड्यांतील माणूस मनाशीं ठरवून टाकितो. पाश्चात्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाचा जलसा ही त्यांपैकीं एक. मुंबईस नरिमन पॉइंट येथें नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेच्या जमशेद भाभा नाट्यगृहांत अशा जलशांचे हंगाम भरतात. काळ्या पोषाखांतील वादक ओळीनें बसतात, संचालक हातांतील बारीक काठी उचलितो, आणि सभागृह एकदम निःशब्द होतें. ही हकीकत वर्तमानपत्रांत वाचून साक्रीचा माणूस म्हणतो, "हा शहरांतील श्रीमंतांचा षोक, कान नदीच्या कांठीं राहणाऱ्या आपणांस त्याचें काय?"

माझें मत याच्या अगदीं उलट आहे. अशा जलशाचीं मुळें शहरांत नसतात; तीं खेड्यांतील शाळेच्या ओसरींत असतात. म्हणून ज्या शाळेच्या वेळापत्रकांतून संगीताचा तास उठविला जातो, ती शाळा केवळ करमणुकीचा एक तास गमावीत नाहीं. पुढें येणाऱ्या एका मोठ्या पिकाचें बियाणेंच ती दळून खाते. हें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल. यास्तव तें उदाहरणानें पटवून देणें अवश्य आहे.

अशा जलशाची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभीं एखादी लहान रचना, तिच्यामागून कॉन्चेर्टो, मग मध्यंतर, आणि उत्तरार्धांत सिंफनी. कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक व सर्व वाद्यवृंद यांचा संवाद. त्याचे बहुधा तीन भाग असतात. सिंफनींत असा कोणी एक नायक नसतो. सर्व वाद्यवृंद हाच तेथें नायक, आणि तिचे भाग बहुधा चार. चेलो हें व्हायोलिनच्याच कुळांतील, परंतु आकारानें पुष्कळ मोठें असें वाद्य आहे. वादक खुर्चीवर बसून तें दोन्ही गुडघ्यांमध्यें उभें धरितो व गजानें वाजवितो. त्याच्या चार तारांतून निघणारा आवाज पुरुषाच्या भरदार कंठाच्या फार जवळचा आहे.

एकाच संध्याकाळीं पूर्वार्धांत चेलोचा कॉन्चेर्टो आणि उत्तरार्धांत सिंफनी ऐकावयास मिळणें म्हणजे एक आणि अनेक यांचें नातें दोन बाजूंनीं पाहावयास मिळणें होय. अशा जोडीला एका कर्त्याच्या दोन कृति घ्यावयाच्या तर अँटोनिन ड्वोर्झाक यांच्यासारखा कर्ता विरळा. त्यांचा बी मायनर स्वरांतील चेलो-कॉन्चेर्टो १८९४ च्या नोव्हेंबरपासून १८९५ च्या फेब्रुवारीपर्यंत लिहिला गेला. त्यांची नववी सिंफनी, जिला 'नव्या जगांतून' असें नांव आहे, ती १८९३ मधील. युरोपांत ज्याला रोमँटिक म्हणतात, त्या भावप्रधान संप्रदायांतील या दोन्ही कृति जगभर अत्यंत लोकप्रिय आहेत.

आतां हे ड्वोर्झाक कोण? राजवाड्यांत वाढलेले नव्हेत. ८ सप्टेंबर १८४१ रोजीं बोहेमियांतील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांतील, नेलाहोझेवेस नांवाच्या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. वडील खाटीक होते आणि एक लहानशी खानावळ चालवीत. मुलाच्या हातीं पहिलें व्हायोलिन दिलें तें गांवच्या शाळामास्तरांनीं. पुढें झ्लोनित्से या लहान गांवीं अँटोनिन लीमान नांवाचे शिक्षक त्याला भेटले. ते शाळेंत शिकवीत, चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत आणि गांवांतील वाद्यवृंदही सांभाळीत. त्यांनीं या मुलाला ऑर्गन, पियानो व संगीतशास्त्र शिकविलें. बोहेमियांत त्या काळीं ही सर्वसाधारण चाल होती. शाळामास्तर म्हणजे गांवचा संगीतशिक्षकही, हें तेथें गृहीतच धरलेलें असे. शिष्यही कृतघ्न निघाला नाहीं. १८६५ मध्यें लिहिलेल्या त्यांच्या पहिल्या सिंफनीला 'झ्लोनित्सेच्या घंटा' असें नांव पडलें. आणि 'जाकोबिन' या त्यांच्या संगीत नाटकांत बेंडा नांवाचें जें वृद्ध संगीतशिक्षकाचें पात्र आहे, त्यांत लीमान गुरुजींची छाया आहे असें जाणकार मानतात. न्यूयॉर्क आणि लंडन येथील सभागृहांत जें संगीत दुमदुमलें, त्याचा उगम असा खेड्यांतल्या एका शाळेंत होता.

आतां त्या दोन कृति शाळेंतील मुलांना काय शिकवितात, तें पाहूं. प्रथम सिंफनी. या सबंध सिंफनींत झांजेचा आघात एकदांच येतो. तोही शेवटच्या भागांत, आणि तोही हळुवार. तो येईपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लोटलेला असतो. ट्यूबा नांवाचें अवजड पितळी वाद्य केवळ दुसऱ्या भागांत, आणि तेंही मोजक्याच स्वरांपुरतें वाजतें. तो वादक उरलेला सर्व वेळ काय करितो? ऐकतो, मात्रा मोजतो आणि वाट पाहतो. आपली पाळी आली नाहीं म्हणून तो रुसत नाहीं, आणि आली म्हणजे चुकत नाहीं. पन्नास मुलांच्या वर्गांत प्रत्येकास पहिलें यावयाचें असतें. गप्प राहणें हेंही एक काम आहे, हा धडा आम्ही शिक्षक तोंडानें कितीही सांगितला तरी मुलांच्या गळीं उतरत नाहीं. वाद्यवृंदांत तो न सांगतां उतरतो.

कॉन्चेर्टोचा धडा याहून वेगळा आहे. वाद्यवृंदाच्या गजरांत चेलोचा आवाज सहज बुडून जातो. म्हणून हें वाद्य एकट्यानें उभें राहण्याजोगें नाहीं, असेंच ड्वोर्झाक यांना पुष्कळ वर्षें वाटत होतें. १८९४ मध्यें न्यूयॉर्क येथें व्हिक्टर हर्बर्ट यांचा दुसरा चेलो-कॉन्चेर्टो ऐकून त्यांचें मन पालटलें. मग त्यांनीं काय केलें? चेलोला ओरडावयास लाविलें नाहीं. जेथें चेलो बोलतो तेथें इतरांना मंद केलें. आरंभीं वाद्यवृंदच कांहीं मिनिटें दोन्ही मुख्य सुरावटी मांडतो, आणि मग चेलो प्रवेश करितो. थोरांनीं आवाज खालीं आणला म्हणजे लहानाचाही आवाज ऐकूं येतो, ही गोष्ट घरांत, वर्गांत आणि गांवांत सारखीच खरी आहे.

या कॉन्चेर्टोच्या शेवटाची हकीकत अधिक हृद्य आहे. अमेरिकेंत असतां ड्वोर्झाक यांना आपली मेहुणी योसेफिना आजारी असल्याचें कळलें. तिला आवडणारें स्वतःचें एक जुनें गीत त्यांनीं दुसऱ्या भागांत गुंफलें. ते मायदेशीं परतल्यावर १८९५ च्या मे महिन्यांत ती वारली. तेव्हां त्यांनीं पूर्ण झालेल्या रचनेचा शेवट बदलून त्यांत त्या गीताची आठवण पुन्हां आणली. ज्यांना ही रचना अर्पण केली, ते चेलोवादक मित्र हानुश विहान यांनीं शेवटच्या भागांत एक कॅडेंझा, म्हणजे एकट्या वादकानें आपलें कौशल्य दाखविण्याची जागा, सुचविली होती. ड्वोर्झाक यांनीं ती साफ नाकारली, आणि आपल्या संमतीवांचून कोणीही कांहीं बदलूं नये असें प्रकाशकास बजावून कळविलें. जेथें शोक हळूहळू शांत होत आहे, तेथें बोटांची चपळाई दाखविणें त्यांना सहन झालें नाहीं. १९ मार्च १८९६ रोजीं लंडन येथें लिओ स्टर्न यांनीं हा कॉन्चेर्टो प्रथम वाजविला. संचालन स्वतः ड्वोर्झाक यांचें होतें. पारितोषिकांच्या व टाळ्यांच्या या दिवसांत, कौशल्य कोठें दाखवूं नये हें शिकविणारा असा पाठ मला क्रमिक पुस्तकांत फारसा आढळत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व बोहेमियाचें झालें. आपल्या देशांत असें कोठें घडलें आहे? घडलें आहे, आणि आपल्या शेजारींच घडलें आहे. गोव्यांत पोर्तुगीज अमलांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपि, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. त्यांचा हेतु उपासनेपुरता होता; फळ मात्र सर्व देशानें चाखलें. मेहली मेहता यांनीं १९३५ मध्यें बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्या काळापासून मुंबईच्या वाद्यवृंदांतून आणि पुढें हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून जे वादक बसत, त्यांत गोव्याच्या खेड्यांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. अँथनी गोन्साल्व्हिस हे त्यांपैकीं एक. माजोर्डा या गांवीं १९२७ मध्यें त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमधील संगीताचे शिक्षक होते, व तेच त्यांचे पहिले गुरु. मुंबईस येऊन त्यांनीं चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविलें, संगीतकार प्यारेलाल यांना शिकविलें, आणि १९५८ मध्यें रागदारीवर आधारलेल्या रचनांसाठीं मोठा वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं त्यांत गायन केलें. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील ज्या गाण्यांत त्यांचें नांव येतें, तें गाणें म्हणजे शिष्यानें वाहिलेली गुरुदक्षिणाच होय. साक्रींत तें गाणें न ऐकलेला मनुष्य शोधून सांपडणार नाहीं. परंतु त्या नांवामागें एका खेड्यांतील संगीतशिक्षक उभा आहे, हें किती जणांस ठाऊक आहे?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९० नंतरच्या काळांत इलेक्ट्रॉनिक वाद्यांनीं स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद ओसरले, आणि वादकांच्या पुढच्या पिढीस आधार उरला नाहीं. २००६ मध्यें खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांच्या पुढाकारानें मुंबईस सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हां बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले. एवढ्या मोठ्या देशांत बुद्धि नव्हती काय? सभागृह नव्हतें काय? दोन्हीं होतीं. नव्हती ती सातव्या-आठव्या वर्षीं मुलाच्या हातांत गज देणारी शाळा. तारवाद्याला कोवळींच बोटें लागतात. विसाव्या वर्षीं आरंभ करून या पंक्तींत बसतां येत नाहीं. हें ओळखूनच त्या संस्थेनें पुढें लहान मुलांना शिकविण्याची व्यवस्था केली. मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन हे १९३६ मध्यें मुंबईस जन्मले, १९५४ मध्यें शिकण्यासाठीं व्हिएन्नास गेले आणि जगप्रसिद्ध संचालक झाले. वाद्यवृंद त्यांच्या घरांतच होता, म्हणून त्यांना शाळेची उणीव भासली नाहीं. परंतु ज्याच्या घरांत वाद्य नाहीं, त्या मुलाचें घर शाळाच नव्हे काय?

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, हें संगीत परकें आहे. ज्या पेटीवांचून आमचें भजन उभें राहत नाहीं, ती पेटीही युरोपांतूनच आली. १९४० मध्यें आकाशवाणीनें तिला दार बंद केलें, आणि तें अनेक वर्षें उघडलें नाहीं. तरीही देवळांतून, प्रार्थनामंदिरांतून आणि नाटकगृहांतून ती हलली नाहीं. व्हायोलिन तर दक्षिणेच्या संगीतांत इतकें मुरलें आहे कीं, तें परकें होतें याची आठवणही राहिली नाहीं. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून चार आवाजांत गाण्याचीं पाश्चात्य गीतें आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचीं भजनें एकाच उपासनेंत शेजारीं शेजारीं म्हटलीं जातात. कोणास त्यांत विसंगति वाटत नाहीं. कानाला जात नसते. त्याला फक्त सवय असते.

शिवाय ड्वोर्झाक यांनीं स्वतः काय केलें, तें पाहा. १८९२ मध्यें ते न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुख म्हणून गेले. तेथें हॅरी बर्ली नांवाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे आजोबा एके काळीं गुलाम होते. त्याच्या तोंडून ते त्या लोकांचीं भक्तिगीतें ऐकत. अमेरिकेचें भावी संगीत याच गीतांच्या पायावर उभें राहिलें पाहिजे, असें त्यांनीं १८९३ मध्यें वर्तमानपत्रांतून जाहीरपणें सांगितलें. ज्यांना गोरा समाज हलके लेखीत होता, त्यांच्या कंठांतील धन एका परक्या पाहुण्यानें ओळखलें. याचा आमच्यापुरता अर्थ स्पष्ट आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गांवांतून मार्गशीर्षांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवांत पावरी वाजते. बांबू व भोपळा यांपासून केलेलें तें वाद्य फुंकणाऱ्याला श्वास न तोडतां सबंध मेळ्याला नाचवीत न्यावें लागतें. ही साधी विद्या नव्हे. त्या गांवांतील मुलें आमच्या वर्गांत बसतात, आणि आपल्या घरीं पावरी आहे हें सांगावयास लाजतात. चेलोची ओळख त्यांना करून द्यावी, ती पावरी विसरण्यासाठीं नव्हे. पावरीकडे ताठ मानेनें पाहण्यासाठीं.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो अधिक कळकळीचा आहे. "गाऊन-वाजवून पोट भरेल काय? त्या तासांत गणित घ्या." ज्या बापानें कांद्याचा भाव पडलेला पाहिला आहे आणि तरी मुलाची फी भरली आहे, त्याच्या या प्रश्नाची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. प्रामाणिक उत्तर असें कीं, बहुतेकांचें पोट संगीतावर भरणार नाहीं. परंतु इतिहास शिकून किती जण इतिहासकार होतात? कविता पाठ करून किती जण कवि होतात? शाळा जें देते तें सर्वच बाजारांत विकण्यासाठीं नसतें. दहावीच्या परीक्षेंत गायन-वादन व लोककला यांच्या प्रमाणपत्रांवर वाढीव गुण देण्याची सोय शासनानें केली, हें चांगलेंच झालें. तथापि गुणांसाठीं कला म्हणजे सावलीसाठीं वृक्ष तोडून मांडव घालण्यासारखें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत कला व शास्त्र, अभ्यास व अभ्यासेतर, असा कठोर भेद नसावा असें म्हटलें आहे. तें वचन कागदावर राहावयाचें कीं वेळापत्रकांत यावयाचें, हें दिल्लींत ठरत नाहीं. तें प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलींत, जून महिन्यांत, तास वांटतांना ठरतें. अनेक शाळांतून तो तास आठवींत गणिताला, नववींत विज्ञानाला आणि दहावींत सराव-परीक्षेला जातो. पेटी कपाटांत राहते, आणि किल्ली कोणापाशीं आहे हेंही पुढें कोणास स्मरत नाहीं.

साक्रींत सिंफनीचा वाद्यवृंद उभारावा, असें माझें म्हणणें नाहीं. माझें मागणें फार लहान आहे. पहिलें, आठवड्यांतील एक संगीताचा तास पांचवीपासून दहावीपर्यंत अबाधित राहावा. दुसरें, त्या तासांत केवळ संमेलनाचीं गाणीं न बसवितां मुलांना सरगम लिहितां-वाचतां यावी. ज्याला स्वर वाचतां येतो त्याला कोणतेंही वाद्य पुढें परकें राहत नाहीं. तिसरें, महिन्यांतून एक तास केवळ ऐकण्याचा असावा. नवव्या सिंफनीचा दुसरा भाग सुमारें बारा मिनिटांचा आहे. तो एकदां सर्व दिवे मालवून, कोणी न बोलतां ऐकावा, आणि मग मुलांना काय वाटलें तें विचारावें. आज ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशांत आहे. उणीव आहे ती बारा मिनिटें गप्प बसण्याची. चौथें, वर्षांतून एकदां पावरी वाजविणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस सन्मानानें शाळेंत बोलवावें, आणि ज्या मंचावर मुख्य पाहुणे बसतात त्याच मंचावर त्यांस बसवावें. आणि सहलीला जाणारी गाडी दोन-चार वर्षांतून एकदां तरी मुंबईच्या त्या नाट्यगृहाच्या दारापर्यंत न्यावी.

यांतील एकाही गोष्टीला मोठें द्रव्य लागत नाहीं. कंठाला किंमत पडत नाहीं, आणि ऐकण्याला तर मुळींच नाहीं. झ्लोनित्सेच्या लीमान गुरुजींपाशीं तरी काय मोठें होतें? एक शाळा, एक ऑर्गन, कांहीं वाद्यें, आणि खाटकाच्या मुलाकडे पाहून "याला कशाला हवें संगीत?" असें न म्हणणारें मन. पहिल्या तीन वस्तूंची कमीअधिक तजवीज आमच्या शाळांतून करतां येईल. चवथी आम्ही शिक्षकांनींच आणावयाची आहे. येत्या जूनमध्यें वेळापत्रक आखतांना संगीताच्या तासावर काट मारण्यासाठीं ज्यांची लेखणी उचलली जाईल, त्यांनीं क्षणभर थांबून समोरच्या पटावरील नांवें एकदां वाचावींत, एवढीच विनंति.